पंधरा तारखेला सुटणारा उपास

२० जून २०२४, गुरुवार

चोर! सरळ सरळ चोर!

ब्रोशर छापून आलं आज. गठ्ठा नेमका माझ्याच व्हिसा डेस्कवर आणून ठेवला. कव्हरवर आमचे बॉस राजन इनामदार, गॉगल लावून, हाताची घडी घालून. खाली सोनेरी अक्षरं — ‘बीचच्या पलीकडचं सायप्रस, राजनच्या नजरेतून’. उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आत सगळी माझी वाक्यं! ‘चर्चची चावी कॉफीच्या दुकानात मिळते, पण दुकानदार पत्ते खेळत असेल तर डाव संपेपर्यंत थांबावं.’ हे मी लिहिलंय. ‘डोंगरात माझी शेवटची बस चुकली आणि एका आजीबाईंनी मला घरात घेतलं.’ बस चुकली म्हणे राजनची! हा माणूस समोरच्या कॅफेटेरियात चहा प्यायला गाडी काढतो. सायप्रसला अजून पाय लागलेला नाही त्याचा.

बस माझी चुकली होती. ऑगस्ट २०२२. उल्हास आणि त्याचे मित्र रिसॉर्टच्या पूलमध्ये ग्लास धरून बसले होते. मला दोन दिवसांत त्या रांगेतल्या छत्र्यांचा वीट आला. समुद्र काय, आम्हाला इथे आखातात जुमैराच्या किनाऱ्यावर आहेच की. तिसऱ्या दिवशी मी एकटी बस पकडून डोंगरात गेले. दिवसाला एक बस वर, एक खाली. खालची गेली! आणि दारात चवळी निवडत बसलेली मारूल्ला. पंचाहत्तरी ओलांडलेली, काळे कपडे, शाळेत ब्रिटिशांच्या वेळी शिकलेलं मोडकं इंग्लिश. तिने परात माझ्याकडे सरकवली. म्हणजे, निवड! मी निवडायला बसले.

मग जेवायला वाढलं. चवळी आणि दुधीसारखी कसलीशी भाजी, वरून लिंबू आणि कच्चं तेल. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, मेरीमातेचा उपास, एक तारखेपासून चौदा दिवस. मी म्हटलं, आमचाही श्रावण चालू आहे, महिनाभर मांस नाही, कांदा-लसूणही नाही. ती इतकी खूश झाली की माझा हात धरून टेबलावर आपटला. पंधरा तारखेला सुटतो म्हणाली, त्या दिवशी गावभर कोळसे पेटतात, मेंढी, डुक्कर, एवढाले तुकडे सळईवर — हाताने दाखवलं. आणि तुमचा? मी म्हटलं, पूर्ण महिना. ‘ऑल मन्थ! पुअर गर्ल,’ म्हणाली आणि मला आणखी चवळी वाढली.

परत आल्यावर दीड वर्ष खपून फाइल केली. बसच्या वेळा, पायवाटा, कुठल्या घरात लेस विणतात, कुठे कोवळे अक्रोड पाकात घालतात. फाइलच्या शेवटच्या पानावर — ‘टूर लीडर : मृणालिनी देवस्थळी’. बारा वर्षं मी लोकांचे फॉर्म भरून त्यांना एअरपोर्टकडे रवाना करतेय. एकदा, फक्त एकदा, ग्रुपच्या पुढे चालायचं होतं. फेब्रुवारीत फाइल राजनला दिली. तेव्हा काय म्हणाला? “हबीबी, डोंगरात कोण मरायला जातं? लोकांना बीच पाहिजे.”

आता शेवटचं पान सोडून सगळं छापलंय. सोडणार नाही. इथे लिहून ठेवते, सोडणार नाही.

२१ जून, शुक्रवार

केबिनमध्ये जाऊन विचारलं. राजन हसला. म्हणाला, टीमवर्क आहे गं. लोकांना लीडर म्हणून एक चेहरा लागतो, तू डेस्कची माणूस आहेस. तो स्वतः नेणार, बायकोला घेऊन. मी व्हिसे करायचे!

घरी सांगितलं. उल्हास म्हणाला, सोड ना, नोकरी आहे. मिहिका फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “मम्मा, जस्ट मूव्ह ऑन.” सतरा वर्षांची आहे, तिचं अजून कुणी काही चोरलेलं नाही. दोघांना पोळ्या वाढल्या आणि मी न जेवता उठले.

२५ जून, मंगळवार

आज देवाने राजनला माझ्या हातात आणून दिला.

फाइलमध्ये तारखा होत्या ७ ते ११ ऑगस्ट. का त्याच, ते मी लिहिलं नव्हतं. मीच नेणार होते, मला माहीत होतं, लिहायचं कशाला? तर राजन डेस्कशी आला. टूर आठवडाभर पुढे नेऊ म्हणाला, १४ ते १८. पंधरा ऑगस्टला डोंगरातल्या गावात सगळ्यांच्या हातात तिरंगा, ग्रुप फोटो, काय धावेल तो फोटो!

“तुझ्या त्या गावात त्या दिवशी काही प्रॉब्लेम नाही ना?”

आणि ब्रोशरवर काय छापलंय? ‘शुद्ध शाकाहारी श्रावण टूर! तिथलं गावही ऑगस्टमध्ये उपास करतं!’ माझंच वाक्य. फक्त तो उपास सुटतो कधी, ते त्याला ठाऊक नाही.

“नाही सर. उलट पंधराला गावात मोठा उत्सव असतो.”

“उत्सव! मग यल्ला, चला, फायनल कर.”

खोटं बोलले नाही मी. एक अक्षरही नाही. श्रावणात बावीस माळकरी तोंडं घेऊन जा, आणि अंगणाअंगणात डुक्कर फिरतंय सळईवर! तुझ्या नजरेतून बघच आता, राजन.

२६ जून, बुधवार

फार दिवसांनी शांत झोप लागली.

९ जुलै, मंगळवार

जेवणाची व्यवस्था मारूल्लाकडेच. तिच्या मुलाच्या फोनवर फोन केला. मला आवाजावरून ओळखलं तिने, ‘मृना! मृना!’ करत सुटली. मग तारीख सांगितली. म्हणाली, पंधराला नाही जमणार. वर्षातून त्या एका दिवशी मुलगा, सून, नातवंडं सगळी घरी येतात, परक्यांसाठी ती त्या दिवशी चूल पेटवत नाही.

ती नाही म्हणाली तर राजन शहरातल्या एखाद्या इंडियन हॉटेलात ऑर्डर देणार आणि सगळं मुसळ केरात. तेवढ्यात तिनेच विचारलं, “यू कम?”

मी म्हटलं, “येस. आय कम.”

“देन ओके. फॉर यू.”

काय करायचं जेवायला, विचारलं. मी म्हटलं, त्या दिवशी जे करता ते. ओके, ओके म्हणाली आणि परत दोनदा विचारलं, नक्की येतेयस ना? नक्की, म्हटलं.

हे तेवढं खोटं. पण म्हातारीचं काय बिघडतं त्यात? पैसे मिळणार, पाहुणे मिळणार. मी दिसले नाही तर पाच मिनिटं हळहळेल.

२४ जुलै, बुधवार

बावीसच्या बावीस व्हिसे आले. एकही अडकला नाही. माझ्या हाताने नाही अडकू दिला! सगळे पोचले पाहिजेत.

दुपारी अल ऐनच्या टिपणीसबाईंचा फोन. कांदा-लसूणसुद्धा चालत नाही त्यांना श्रावणात. म्हणाल्या, राजनभाऊंनी गॅरंटी दिलीय म्हणून चाललेय हो, नाहीतर मी मेली कुठे परदेशात जेवायला. एक क्षण जीभ वळवळली. सांगावं का? बाईंनी काय माझं घोडं मारलंय? मग समोर केबिनच्या काचेवर चिकटवलेलं पोस्टर दिसलं. गॉगल. हाताची घडी.

बाईंना म्हटलं, डबा बरोबर असू द्या हो, खाकरे वगैरे. म्हणजे त्या उपाशी राहणार नाहीत. एवढी सोय केली की खूप झालं.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. शिवामूठ वाहिली. देवाला काय मागितलं ते इथेही लिहीत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिसात ग्रुपची मीटिंग. करामा वस्तीतली पाच कुटुंबं, दोन सिलिकॉन ओएसिसची, टिपणीसबाई आणि त्यांची बहीण. राजन पुढे उभा राहून बस चुकल्याची गोष्ट सांगत होता. आता तर त्यात पाऊसही पडायला लागला होता. ऑगस्टमध्ये! सायप्रसला! आजीने मला टॉवेल दिला म्हणे. सगळे ‘अय्या’ करत ऐकत होते.

मी मागे उभी राहून कागदी झेंडे मोजून पिशवीत भरत होते. तिकिटाच्या डेस्कवरची फिरदोस सगळं जाणते, निदान फाइल कुणाची ते जाणते. कानाशी येऊन म्हणाली, “आपको ग़ुस्सा नहीं आता, दीदी?” मी म्हटलं, परसों पूछना.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आज!

सकाळपासून हाताला काम लागेना. तिथे आपल्यापेक्षा एक तास मागे. म्हणजे त्यांचं जेवण आपल्या दोनला. व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही आहे, ‘ऑफिस सपोर्ट’ म्हणून. सव्वा वाजता फोटो आला — सगळे झेंडे घेऊन चर्चच्या पायरीवर. मागे निळा धूर! फोटोत कुणाचं लक्ष नाही, पण मला दिसला. कोळसे पेटलेत गावभर. आता अर्धा-पाऊण तास, मग राजनचा फोन. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं — अय्या, सर, तुम्ही तर आधी जाऊन आलात ना? बस चुकली तेव्हा?

सव्वादोन. काही नाही.

अडीच. काही नाही. भांडण जुंपलं असणार.

पावणेतीनला फोटो आले. ओळीने अकरा.

लांबलचक टेबल, द्राक्षाच्या मांडवाखाली. चवळी. पानात गुंडाळलेला भात. जाड्या गव्हाचा टोमॅटो घातलेला पुलाव. काकड्या, ऑलिव्ह, कलिंगड. मांसाचा एक तुकडा नाही! बोटांनी फोटो मोठा करून करून पाहिलं. टिपणीसबाईंनी लिहिलंय, ‘यांच्या सणाच्या दिवशी आपल्यासाठी श्रावणातलं जेवण! कांदासुद्धा नाही! राजनभाऊ, जिंकलंत.’ खाली टाळ्यांची रांग. राजनचा अंगठा.

जिवाचा नुसता तीळपापड झाला. कसं? कसं काय? गावभर धूर आणि नेमक्या त्याच्याच ताटात चवळी? या माणसाचं नशीब कुठल्या शाईने लिहिलंय?

एका फोटोत टेबलाच्या टोकाला मारूल्ला. थकलीय. शेजारची खुर्ची रिकामी, पण पुढे ताट मांडलेलं. कुणीतरी हात धुवायला उठलं असेल.

मिहिकाने विचारलं, “व्हाय आर यू क्राइंग?” मी म्हटलं, कांदा चिरतेय. श्रावणात आपल्या घरी कांदा नसतो हे तिलाही माहीत आहे. ती पाण्याचा ग्लास ठेवून गेली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

एकादशी. बरं झालं. जेवण जाणारच नव्हतं.

२० ऑगस्ट, मंगळवार

राजन आला. चॉकलेटं वाटली. ऑक्टोबरची दुसरी बॅच जाहीर केली. पोस्टरवर ‘हाउसफुल्ल’ची पट्टी लावायचं काम मलाच. नाकावर टिच्चून जिंकला मेला.

मग माझ्या डेस्कवर टेकून गप्पा मारत बसला. म्हणाला, जेवण फर्स्ट क्लास, पण तुझी ती म्हातारी सटकलेली आहे यार. काय झालं? तर आम्ही पोचलो तेव्हा मुलाने अंगणात कोळसे पेटवलेले, सळया लावलेल्या. म्हातारी बादली घेऊन आली आणि कोळशावर ओतली! सगळ्यांसमोर! ‘माय गेस्ट फास्टिंग. ऑल मन्थ.’ मुलगा ओरडला, सून रडायला लागली, शेवटी ती सगळी पोराबाळांसकट शेजारच्या घरी जेवायला निघून गेली. आणि ही आमच्यात येऊन बसली, एका रिकाम्या खुर्चीशेजारी.

राजन हसत होता.

“तुझं नाव घेत होती सारखं. मृना कुठे, मृना कुठे. वाढायलाच तयार नाही! मग मी म्हटलं, शी इज कमिंग, नेक्स्ट वीक. तेव्हा कुठे झाकणं उघडली. खलास!”

पिशवीतून एक बरणी काढून दिली. पाकातले कोवळे अक्रोड. झाकणावर चिकटपट्टी, त्यावर वेड्यावाकड्या इंग्लिश अक्षरांत माझं नाव.

तिच्या लक्षात होतं. दोन वर्षांपूर्वी एका जेवणात मी एकदा बोललेलं, ऑल मन्थ. मी सगळ्याचा विचार केला होता. तारीख, व्हिसे, टिपणीसबाईंचे खाकरे. फक्त माझं बोलणं कुणी लक्षात ठेवलं असेल, एवढंच मला सुचलं नाही. राजनच्या ऑफिसात बारा वर्षं काढल्यावर ती सवयच उरत नाही.

बरणी उघडली नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मारूल्लाच्या मुलाचा मेसेज. इंग्लिशमध्ये, नमस्कार-चमत्कार काही नाही. जसाच्या तसा मराठीत उतरवते —

‘आईने अजून उपास सोडलेला नाही. म्हणते, मृना या आठवड्यात येतेय, तिचा महिना संपला की दोघी मिळून सोडू. गाव कधीच सोडून मोकळं झालं. अंडं नाही, चीज नाही, दूध नाही. डॉक्टरांनी तिला मुद्दाम अंडी खायला सांगितली आहेत, वजन उतरतंय. आमचा सणही गेला. तुम्ही नक्की कधी येताय?’

तीनदा वाचला. राजनच्या नावाने बोटं मोडायला गेले, पण मोडवेनात. ‘ती येतेय’ हे राजन बोलला खरा. त्याच्या आधी मी बोलले होते. तेच खोटं, त्याच बाईला, आपलं काम काढून घ्यायला. तो माझी वाक्यं न विचारता वापरतो म्हणून दोन महिने आग ओकतेय, आणि मी काय वापरलं? तिच्या घरचा वर्षातला एक दिवस वापरला. हेही इथे लिहून ठेवते. माझ्या सुडाने राजनचं एक नखही दुखलं नाही. नातवंडं आजीला सोडून शेजारी जेवली.

व्हॉइस मेसेज नको वाटला. जिन्यात जाऊन सरळ फोन लावला. मुलाने तो तिच्या हातात दिला. मी सांगितलं. तुटक इंग्लिशमध्ये, तिला कळेल असं. मी खोटं बोलले. मी येणारच नव्हते. एका माणसावर राग होता, त्याची फजिती करायला तुझा सण वापरला. आज अंडं खा, माझ्यासाठी थांबू नकोस.

तिच्यामागे कोंबड्या ओरडत होत्या. वाटलं, ठेवला फोन. ठेवायलाच हवा होता.

मग म्हणाली, “नाउ यू सेड ट्रू. ओके. व्हेन यू कम?”

मी म्हटलं, अंडं खा आधी.

“यू कम, आय ईट.”

२३ ऑगस्ट, शुक्रवार

रजेचा अर्ज राजनच्या टेबलावर ठेवला. कशासाठी, विचारलं. सांगितलं नाही.

डेस्कवर बसून स्वतःचा फॉर्म भरला. ‘येण्याचं कारण’ — या रकान्यात बारा वर्षं सगळ्यांसाठी टूरिझम लिहीत आले. आज लिहिलं, उपास सोडायला.